आठवीच्या वर्गाने निवडलेला गरजू

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, आणि प्रभूची शांती तुमच्या घरात नांदो. गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींचं घोरणं कमी झालं का, की तू अजून बाहेरच्या खोलीतच झोपतेस? इकडे मी मजेत आहे, मला कशाचीही कमी नाही, माझी काळजी करू नये.

ताई, मी हादरलो आहे. हे कोणाला सांगायची सोय नाही. फादरांना सांगावं तर ते त्या वेळी वेदीपाशीच उभे होते आणि (मला दाट संशय आहे) हसू दाबत होते. म्हणून तुला लिहितो. बसून वाच.

उपवासकाळ सुरू झाला की आमच्या शाळेत दरवर्षी परोपकाराचा उपक्रम असतो. मुलं घरातले जुने कपडे आणतात, आम्ही त्यांचे गठ्ठे बांधतो आणि ते गठ्ठे पुढच्या उपवासकाळापर्यंत जिन्याखाली पडून राहतात. यंदा मुख्याध्यापिका सिस्टरांनी आठवीचा वर्ग माझ्याकडे दिला आणि माझ्या अंगात आलं. (धर्मशिक्षणाच्या मास्तराच्या अंगात येणं बरं नव्हे, पण आलं.) मी वर्गाला म्हटलं, गठ्ठे पुरे झाले. गरजू माणूस लांब नसतो, तो याच शाळेत, तुमच्या डोळ्यांसमोर रोज वावरतो. त्याला शोधा. मदत करा, पण गुपचूप, अगदी त्यालाही कळू न देता. मीसुद्धा विचारणार नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ज्याला खरी गरज असते तो तोंडाने कबूल करत नाही, तो म्हणतो, मी मजेत आहे, मला काही नको. असं कोणी म्हणालं की समजा, हाच तो. वर्ग इतका शांत झाला की मला माझंच कौतुक वाटलं. ते फाटकावरच्या रखवालदाराला निवडतील अशी माझी खात्री होती, आणि पुढेमागे ते उघड होईल तेव्हा चेहरा कसा ठेवायचा तेही मी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत माझ्या टेबलावर एक डबा येऊ लागला. उकडलेली अंडी, ब्रेड, सोललेलं संत्रं. कोणाचा तरी चुकून आला असेल म्हणून मी तो खेळाच्या सरांना दिला. ते काहीही खातात. मग टेबलाच्या खणात लोकरीचे पायमोजे सापडले. मग माझी छत्री हरवली. सगळी शाळा पालथी घातली, आणि शेवटी ती माझ्या खुर्चीलाच टांगलेली निघाली. मोडलेली काडी कोणीतरी दुरुस्त केल्यामुळे मी तिला ओळखलं नव्हतं. पोरं माझी पिशवी उचलू लागली, फळा मी सांगायच्या आत पुसू लागली. मी शिक्षकांच्या खोलीत छाती फुगवून सांगितलं की धर्मशिक्षण मनापासून दिलं तर मुलांच्या वागण्यात असा फरक पडतो. खेळाचे सर अंडं खात खाली बघत राहिले. त्यांना सगळं माहीत होतं, ताई. सगळ्यांना माहीत होतं.

शुक्रवारी शाळेच्या चॅपलमध्ये मिस्सा असतो, त्यात सामुदायिक प्रार्थना वाचायची पाळी आठवीची होती. वर्गाची मॉनिटर उभी राहिली. (सडपातळ, चष्मेवाली, मोठेपणी न्यायाधीश होणार.) तिने आजारी लोकांसाठी प्रार्थना केली, शांतीसाठी केली आणि मग म्हणाली, आपल्या वर्गाच्या गरजू मित्रासाठी, ज्याच्याकडे बारा महिने एकच स्वेटर आहे. सगळी शाळा म्हणाली, हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक. मीही म्हणालो, आणि सर्वांत मोठ्याने. त्या बिचाऱ्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते स्वेटरच्या बाहीने पुसलं. मग ती म्हणाली, त्या स्वेटरला लागलेला खडू त्याला दिसू दे, आणि संदेष्ट्यांचा धडा शिकवताना त्याचं पान न चुको.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती चॅपलमध्येसुद्धा सरकते. तीनशे मुलं पुन्हा म्हणाली, हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक. मी तोंड मिटून बाहीवरचा खडू पाहत होतो.

मी तडक वर्गात गेलो आणि सांगितलं की बाळांनो, काहीतरी गैरसमज झाला आहे, मला पगार वेळेवर मिळतो, मी मजेत आहे, मला काही नको. सगळ्या वर्गाने एकमेकांकडे पाहून समजूतदारपणे मान हलवली. मी जितकं नाकारावं तितकी त्यांची खात्री पटत गेली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तर रडायला लागली. मग मी मुख्याध्यापिका सिस्टरांकडे धाव घेतली. त्यांनी शांतपणे विचारलं की मोजे बसले का. (मोजे त्यांनी विणले होते. परवानगीही त्यांनीच दिली होती.) वर म्हणाल्या की देणं सगळ्यांना जमतं, घ्यायला जमणं हीच खरी नम्रता, आणि तुम्ही हा विषय शिकवता ना?

सुटीत मी मॉनिटरला गाठलं. म्हटलं, अगं, फाटकावर रखवालदार आहे, त्याला तीन मुलं आहेत. मीच का?

ती म्हणाली, "सर, पैशाचं नाही ते. रखवालदारकाका रोज कोणाबरोबर तरी जेवतात. तुमची आई गेल्यापासून तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवता."

ताई, फार लागलं ते. आणि लागलं म्हणून मी घाबरून जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, छे, मी कुठला एकटा, माझी मोठी बहीण दर रविवारी माझ्याकडे जेवायला असते. (उपवासकाळात, धर्मशिक्षणाच्या मास्तराने.) तिचा चेहरा असा खुलला की ते मागे घेण्याचं धैर्य मला झालं नाही.

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
धाकटा

ता. क. : या रविवारी मिस्सा झाल्यावर आख्खी आठवी तुला भेटायला घरी येणार आहे. तर तेवढं येऊन जावं. गुडघ्यासाठी रिक्षा दारापर्यंत येते.

ता. क. दोन : येताना काही करून आणू नकोस. पोरं आता डबे घरीच आणून देतात, अंडी ठेवायला जागा उरलेली नाही.

ता. क. तीन : तो स्वेटर तू विणलेला आहेस, हे मी शाळेत कोणालाही सांगितलेलं नाही. रविवारी तूही सांगू नकोस.

ता. क. चार : आज खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून जेवलो. बाहेर मैदानात सगळा वर्ग खेळत असल्याचं नाटक करत उभा होता. चेंडू कोणाकडेच नव्हता.

ता. क. पाच : पाकीट चिकटवण्याआधी पत्र पुन्हा वाचलं. सुरुवातीला 'मी मजेत आहे, मला कशाचीही कमी नाही' असं लिहिलं आहे. आई गेल्यापासून तुला प्रत्येक पत्रात तेच लिहीत आलो. आठवीचा वर्ग ते कसं वाचतो हे आता तुला माहीत आहे. तूही तसंच वाच, आणि पुढच्या रविवारीही ये.