वहिनीचा दिवा विझेना

२० सप्टें. ९८, राजुरी
वहिनीच्या प्रॅक्टिकलचं ठरलं. दसरा झाला की लगेच, बाहेरचे सर येणार. आईनं भाकरी थापता थापताच सुनावलं, "ह्या खेपेला पास झाली तर व्हय. न्हाईतर कालेज बास. द्राक्षाची छाटणी तोंडावर आली, घरात माणूस नको?" दादा भोसरीत नोकरीला, रविवारी येतो आणि आईपुढं तोंड उघडत नाही. मला असला राग आला! लग्न ठरवताना "पोरगी बी.एस्सी. करतीय, करू द्या" कोण म्हणालं होतं? आईच की. (मी मात्र बारावी झाल्यापासून शिलाई मशीनवर. असो.)

२३ सप्टें.
वहिनीनं परीक्षेसाठी पाटीएवढ्या फळीवर दिवा बसवला. अंधारात आपोआप लागतो, उजेडात विझतो. फळीवर एक छोटी नळी उभी आहे. तिच्या तोंडावर मी हात धरला, लागला! हात काढला, विझला. किती वेळ तेच करत बसले. नळीच्या बुडाशी बटणाएवढी चकती, तिच्यावर तांबूस नागमोडी रेघ. सगळी करामत तिची.

म्हणते, तांब्यात इलेक्ट्रॉन मोकाट गुरांसारखे, कधीही पळतात. काचेत दावणीला घट्ट. आणि ह्या चकतीत गाठ सैल. ऊन पडलं की सुटतात, वीज वाहते, अन् पुढचा ट्रान्झिस्टर दिवा बंद करतो. अंधार झाला की परत दावणीला. म्हणून अर्धवाहक. बारावीला हेच मी पाठ केलं, मार्क घेतले, विसरले. ही सांगते तेव्हा डोळ्यांपुढं दिसतं. काय बाई आहे राव!

३० सप्टें., खंडेनवमी
पुरण. झेंडू ओवून बोटं पिवळी. आईनं ओसरीवर सगळं मांडून पूजा केली. कोयते, खुरपी, छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप, माझी मशीन. मी आत चुलीशी, नीट पाहिलंही नाही. कंबर मोडली.

१ ऑक्टो., दसरा
सोनं वाटून आलो आणि वहिनीनं फळी काढली. भर उन्हात दिवा चालू! अंगणात नेली, सूर्याकडं धरली, तरी विझेना. फळीच्या कडेला आईनं लावलेलं कुंकू होतं, वहिनी त्याला हात लावून पाया पडली. सोमवारी परीक्षा. आता काय...

२ ऑक्टो.
सेल बदलले. ट्रान्झिस्टर बदलला. तारांचे सांधे सगळे नव्यानं झाळले. तरी तेच. आई येऊन म्हणते, "जळतोय की दिवा. मग बिघडलंय काय?" मी तडकले, "अगं, दिवसा जळतोय तेच बिघडलंय!"

मी असते तर फळी उकिरड्यावर फेकली असती. वहिनी शांत. स्वतःशीच पुटपुटत होती, "दिवा लागतोय म्हणजे त्याला अंधार दिसतोय. मग अंधार आहे कुठं?" चहा गार झाला तरी तेच.

३ ऑक्टो.
अंधार सापडला! वहिनीनं नळी उपसून तळहातावर उलटी केली. हळद, कुंकू, झेंडूची एक पाकळी. चकतीवर कुंकवाचा थर, आणि रेघच तांबूस, वरून कळणार कसं?

आई दारातच होती, वहिनीला म्हणाली, "नवमीला मीच मांडली व्हती फळी, हत्यारांत. कपाळ कुठलं त्येच कळंना, म्हणून नळीत बी वाहिलं. मोडलं का गं, मंगल?" आईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी हसणार तेवढ्यात वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी. दोन दिवस रडली नाही ती आत्ता! "नाही आई, काही मोडलं नाही," म्हणाली. आई आत गेल्यावर माझा हात धरून हळूच, "हत्यारांत मांडली होती गं." कात्र्यांच्या शेजारी, वहिनीचं हत्यार म्हणून. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं.

कापसानं चकती पुसली. दिवा विझला. कडेचं कुंकू तिनं तसंच ठेवलं.

५ ऑक्टो.
वहिनी दुपारच्या एस्टीनं आली. बाहेरच्या सरांनी विचारलंच, हे कुंकू कसलं? हिनं सगळं सांगून टाकलं. माझी तर छाती झाली नसती. सर हसले नाहीत म्हणे. बिघाड कसा शोधला तेच खोदून खोदून विचारलं. पास की नापास, काही बोलले नाहीत. निकाल दिवाळीनंतर.

उद्यापासून छाटणी. आईनं कोण कोण येणार ते सांगितलं, त्यात वहिनीचं नाव नाही. मी म्हटलं, "आणि वहिनी?" तर, "तू गप बस." मग आईच फळीपाशी जाऊन बसली. नळीवर हात धरला, काढला, परत धरला. लागला, विझला, लागला. लहान पोरीसारखी हसली आणि वहिनीला म्हणाली, "पुढल्या नवमीला कुंकू कुठं लावायचं, त्ये आत्ताच दाखवून ठेव."