सूर सोडणारा हात

९ जानेवारी २०२५

आणलं यांना. मुंबई ते मलकापूर, नऊ तास. खालचा बर्थ यांना, समोरचा मला, आणि मध्ये काळ्या पेटीत ती बेस गिटार उभी. हमाल म्हणाला, "हा बी पेशंटच हाय का?" मी हसले नाही. हेही नाहीत.

अर्धांगवायू. डावा हात खांद्यापासून लुळा पडलेला. डावा पाय ओढत चालतात. बोलणं शाबूत. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात! मी "हो" म्हटलं. जिथं दाखवलं तिथं सह्या केल्या.

पंधरा दिवस झाले. रडू आलेलं नाही.

१० जानेवारी

शाळा. तिसरीला गुणाकार. घरी येऊन यांना आंघोळ घातली. एवढंच.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या आशाबाई तिळगूळ घेऊन आल्या. "बाई, तुमचा धीर पाहून मले तर नवल वाटते!"

धीर नाही तो. काय आहे ते इथं लिहिते, दुसरीकडे कुठं लिहू? — डिसेंबरात मी ठरवलं होतं, वेगळं राहायचं. भांडण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. तेवीस वर्षं महिन्यातले चार दिवस घरी येणारा माणूस. यायचे, झोपायचे, जेवायचे, जायचे. मूल नाही. एक दिवस कपाट आवरताना वाटलं, हे पाहुणे आहेत. पाहुण्यासाठी कपाळावर टिकली कशाला?

फोनवर म्हटलं, "घरी या, मग बोलू." २ जानेवारीला येणार होते. २५ डिसेंबरला दुपारी कार्यक्रमाआधी वाद्यं तपासत होते — स्टेजवरच पडले.

आता काय बोलू?

१९ जानेवारी

फिजिओवाला येऊन गेला. हात उचलतो, ठेवतो. हे छताकडे बघत राहतात.

त्याने विचारलं, साहेब काय करत होते? मी म्हटलं, गिटार वाजवायचे. तो म्हणाला, वा, एखादं गाणं ऐकवा ना! मला ऐकवता येईना. कसं सांगू त्याला की मला हे कधी ऐकूच आले नाहीत.

लग्नाआधी हे इथल्या उकंडरावांच्या ऑर्केस्ट्रात होते. गणपती, लग्नं, खामगावपासून भुसावळपर्यंत. गाण्याखालचा खर्ज धरणारा बेसवाला पळाला, आणि उकंडराव म्हणाले, "शेष्या, तुही बोटं लांब हायेत बे, धर हे." तिथून मुंबई. स्टुडिओ, मग मोठमोठ्या गायकांचे दौरे, परदेशसुद्धा. नाव मात्र कुठे छापून आलेलं मी पाहिलं नाही. सुरुवातीला गाणं लागलं की विचारायचे, "आलो का मी ऐकू?" मी "हो" म्हणायचे. खोटं! मला गाणारा ऐकू यायचा, बासरी यायची. हे नाही. पुढे त्यांनी विचारणं सोडून दिलं.

२ फेब्रुवारी

काही नाही.

९ फेब्रुवारी

नागपूरची अर्पिता आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. यांची शिष्या, आणि आता यांच्याच जागी दौऱ्यावर वाजवते. पाठीवर गिटार, हातात संत्र्यांची पिशवी. पाया पडली तेव्हा यांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. तो हात चांगला चालतो.

म्हणाली, "सर, तुमचं सगळं जसंच्या तसं बसवलं. एक सूर इकडचा तिकडे नाही. तरी गाणारे म्हणतात, बसून नाही राह्यलं."

तिने वाजवलं. हे डोळे मिटून ऐकत होते.

"सगळं बरोबर हाय," हे म्हणाले. "पण तू सूर धरून ठेवते."

"म्हणजे?"

"उजव्या हातानं सूर निंघते. तो कुठं थांबवायचा, हे डाव्याचं काम. बोट उचललं का सूर मेला. लोक वाजवाले शिकतात. मी उचलाले शिकलो."

मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. उशीवर ठेवलेला होता. मी चहा टाकायला आत गेले.

स्वयंपाकघरात तिने मला फोनवर एक गाणं ऐकवलं. आधी यांच्याशिवाय, मग यांच्यासकट. "काकू, इथं दुसरा कुठलाही बेसवाला आठ सूर वाजवेल. सर तीन वाजवतात. येत नव्हतं म्हणून नाही! एकदा हैदराबादला वीज गेली, जनरेटरवर फक्त सरांचा अँप, गिटारचा स्पीकर, चालू राह्यला. चार मिनिटं एकटेच वाजवत होते, अंगठ्यानं ठोकून, बोटांनी ओढून. लोक खुर्च्यांवर उभे! पण दुसऱ्या दिवशी परत तीनच सूर."

दोन्ही वेळा ऐकलं. फरक कळला. वाटलं काहीच नाही, पण कळला.

१२ फेब्रुवारी

शाळेतून आले तर हे खुर्चीत, मांडीवर गिटार आडवी. पेटीतून कशी काढली देव जाणे! एका हाताने अर्धा तास लागला म्हणाले.

"अश्विनी, डावा हात दे तुझा."

"कशाला?"

"त्या पोरीले दाखवाचं हाय."

स्टूल घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसले. गिटारच्या दांडीवरच्या तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं. तार जाड, पाणी शेंदायच्या दोरासारखी. दाबली. यांनी उजव्या हाताने छेडली. आवाज कानात आला नाही — गुडघ्यात आला, पोटात आला.

"सोड."

सोडली.

"उशीर झाला. मी म्हणल्यावर नाही, मी म्हणाच्या आधी सोडाचं."

"मला कसं कळणार?"

"कळते."

नाही कळलं. वीस वेळा नाही. बोटांना वळ पडले.

१३ फेब्रुवारी

पुन्हा. अर्धा तास.

१७ फेब्रुवारी

रोज चालू आहे. आज वर्गात फळ्यावर लिहिताना बोटं दुखत होती. डावीच. खडू उजव्या हातात! मुलं हसली.

इतक्या वर्षांत यांच्या इतकं जवळ बसून आम्ही कधी काही केलं नव्हतं. लिहायला विचित्र वाटतं. पण खरं आहे.

२१ फेब्रुवारी

आज तीन सूर जमले. हे "सोड" म्हणाले नाहीत. मीच सोडले. कसे, माहीत नाही. यांचा श्वास जरासा थांबतो, तिथं.

फोनवर रेकॉर्ड करून अर्पिताला पाठवलं. तासाभराने तिचा फोन — "काकू! आता आलं ध्यानात! कोणाचा हात होता?"

माझा, म्हटलं.

१ मार्च

दुपारी जेवताना हे म्हणाले, "जानेवारीत तू काही बोलणार होती."

घास हातातच राहिला. "जाऊ द्या आता."

"बोल. मी लंगडा झालो म्हणून काऊन गिळून राह्यली?"

बोलले. सगळं. पाहुण्याचं, टिकलीचं, गाण्यांत कधी ऐकू न आल्याचं, खोट्या "हो"चं. आवाज चढला नाही. वाण्याची यादी वाचावी तसं वाचलं. हे भाकरीचा तुकडा मोडत राहिले, खाल्ला नाही.

"ऐकू येत नव्हतो, हे मले ठाऊक होतं," म्हणाले. "दुसरं नव्हतं ठाऊक." मग, "तुह्यं बरोबर हाय."

मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

३ मार्च

यांनी परस्पर ठरवलं. नागपूरला अर्पिताच्या वडिलांचा, भाऊरावांचा, संगीताचा क्लास आहे. तळमजल्यावर खोली रिकामी. फिजिओ दोन गल्ल्या सोडून. तिथं राहून पोरांना शिकवणार. "तोंड तर चालते न अजून माझं?"

मी म्हटलं, तुमची मर्जी.

"तू मोकळी," म्हणाले. रागाने नाही. खांद्यावरचं ओझं उतरवून ठेवावं तसं.

५ मार्च

गेले. अर्पिता न्यायला आली होती. मी कपडे भरले, गोळ्यांवर वेळा लिहिल्या. दुपारची गाडी. डब्याच्या दारात यांनी वळून बघितलं, उजवा हात थोडा वर केला. मीही केला.

रिक्षा. घर. कुकर लावला. दोघांचा भात झाला. उरलेला गाईला घातला.

मोकळी! तीन महिन्यांपूर्वी हेच हवं होतं.

६ मार्च

तिसरीला भागाकार.

८ मार्च

महिला दिन. शाळेत गुलाब दिले. आशाबाई विचारतात, साहेब कवा येतील वापस? मी म्हटलं, माहीत नाही.

डाव्या बोटांचे वळ फिके व्हायला लागलेत. दिवसभर तेच बघते.

१० मार्च

हेडमास्तरांकडे रजेचा अर्ज दिला. पंधरा दिवसांची. कारणाच्या रकान्यापाशी थांबले. मग लिहिलं — "नवऱ्याकडे जायचे आहे." दवाखाना सोडला तर तेवीस वर्षांत मी यांच्याकडे कधी गेले नव्हते.

सही करताना कागदावर पाणी पडलं. दुसरा अर्ज लिहावा लागला.