तळ्याचं शेवटचं वळण

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सुरुवात केलीच. तळ्याचा ट्रॅक!

इतकी वर्षं दुसऱ्यांचे केले. बेल्जियममधला जंगलातला, इटलीतला किनाऱ्यावरचा — शर्यती कधीच बंद पडलेल्या, रस्ते उखडलेले. मी भूममध्ये बसून जुन्या फोटोंवरून ते गेमसाठी पुन्हा उभे करते. मग तिकडचा एखादा म्हातारा लिहितो, पोरी, माझी जवानी परत दिलीस. मग आपला का नाही?

इथून जवळच, वाशीकडच्या माळावर तळ्याला वळसा घालणारा कच्चा रस्ता. जत्रेला तिथं मोटारसायकलींच्या शर्यती व्हायच्या. तेरखेड्याच्या फटाक्यांतला बॉम्ब उडाला की गाड्या सुटायच्या. १९९१ ला रणधीरकाका तिथं शर्यतीत गेला. त्यानंतर एकही शर्यत झाली नाही.

मी चार वर्षांची होते. काका आठवत नाही. एकच फोटो आहे — राजदूत मोटारसायकलवर बसलाय, गॉगल, हसतोय.

काकीला सांगितलेलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

कळलंच. चहा घेऊन आली आणि स्क्रीनपुढं थबकली.

"हे तळं आपल्याकडचं न्हाय का गं, शिवकन्या?"

"व्हय."

वाटलं, आता चिडणार. आई-वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. काकाच्या मरणावर मात्र कधी चकार शब्द नाही. ती बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी लई निळं केलंस. तिथलं गढूळ असतं." आणि कपडे वाळत घालायला गेली.

पाणी गढूळ केलं.

९ नोव्हेंबर, रविवार

मापं घ्यायला गेले. तळं यंदा तुडुंब. रस्त्याच्या उजवीकडं पाणी, डावीकडं ज्वारी. शेवटचं वळण उजवीकडं, तळ्याच्या अंगानं. तिथंच झालं. काका खाली पाण्याकडच्या दगडांवर सापडला, हे सगळ्यांना पाठ आहे. "वेग आवरला न्हाय, वळण चुकलं." आणि मग हळू आवाजात, "घरनं बायकोशी भांडून निघालावता. डोकं ठिकाणावर न्हवतं."

हे दुसरं वाक्य काकीनं किती लग्नांत, किती हळदीकुंकवांत ऐकलं असेल! गप खाली मान.

वळणावर उभी राहिले. ऊन चांगलं कडक, आणि माझे तळपाय गार. बाकी सगळ्या रस्त्याचे फोटो काढले. तिथला एकही काढवला नाही. का, माहीत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काहीतरी चुकतंय — गेममध्ये नाही, गोष्टीत!

गेममधली राजदूत तयार झाली म्हणून शेवटचं वळण मुद्दाम चुकवून बघितलं. गाडी डावीकडं फेकली गेली, ज्वारीत. वेग वाढवला — ज्वारीत. कमी केला, ब्रेक उशिरा दाबला — ज्वारीत. एकदाही तळ्याकडं नाही. वळण चुकलेला माणूस बाहेर जातो. तळ्यात पडायचं तर हँडल स्वतःच्या हातानं तिकडं ओढावं लागतं.

काकानं ओढलं. कशासाठी?

"भाकरी गार होतीय," काकी दारातून म्हणाली. तिच्याकडं बघवेना.

१३ नोव्हेंबर

पहाटे स्वप्नात नुसतं तळं. आणि बॉम्ब उडायची वाट बघणं. उडत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

शिवप्पा आले. त्या शर्यतींत शेवटी झेंडा दाखवायचे. मीच बोलावलं, काकी देवळात गेली ती वेळ बघून.

आधी लई खूश! "आरं, ही बाभळ! हिथंच उभा राहायचो म्या!" खुर्ची पुढं ओढून पोरासारखे बसले. मी गाडी हळूहळू नेत होते. शेवटचं वळण आलं आणि त्यांनी खुर्ची मागं सरकवली.

"हे पिंप कुणी सांगितलं तुला?"

वळणाच्या कडेला मी लाल पिंप ठेवलंय. म्हटलं, एखाद्या फोटोत असेल.

"फोटोत कसं असंल? धुरळा बसवायला पाणी आणलं हुतं त्यात. त्या दिशीच ठेवलं, दुसऱ्या दिशी उचललं." मग स्क्रीनकडं बोट. "पर एवढं उंच न्हवतं. कमरंइतकं आसंल."

मी केलंय ते माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं. मापांत कधी चुकत नाही मी. कुठून आलं हे पिंप? हात गेला आणि ठेवलं, एवढंच आठवतं.

शिवप्पा माझ्याकडं बघत होते. "तुला कुणीच सांगितलं न्हाय व्हय?"

"काय?"

"पिंपाच्या मागनं लेकरू रस्त्यात आलं. डाव्या अंगाला माणसं उभी. रणधीरनं गाडी तळ्याकडं घातली. धुरळ्यात लई जणांना दिसलं न्हाय. आमी तिघं-चौघं हुतो जवळ."

"कुणाचं लेकरू?"

टोपी काढून मांडीवर ठेवली त्यांनी. "तुझ्या बापानं आमाला शपथ घातली हुती, पोरी."

१७ नोव्हेंबर, सोमवार

कॉम्प्युटर लावला नाही.

शपथ वडिलांनी घातली, म्हणजे काकीलाही कळू दिलं नसणार. ती आजवर समजत आली की भांडणानं नवरा गेला. आणि माझे केस विंचरले. तापात उशाशी बसली. पुण्याला शिकायला जाताना एसटीच्या खिडकीतून धपाट्यांची पुरचुंडी दिली.

सांगितलं तर तिच्यावरचा आळ जातो. आणि तिच्या मनातून मी जाते.

सकाळपासून तिनं दोनदा विचारलं, "बरं न्हाय का?"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं. काकी मेथी निवडत होती. हात थांबला नाही.

"मला काय सांगतीस! समदी दगडांकडं पळाली. तू रस्त्यात एकटीच रडत हुतीस. म्या उचललं तुला."

मग काड्या बाजूला सारून —

"भांडण झालंच न्हवतं. म्याच तसं सांगत सुटले. न्हायतर लोकांनी जल्मभर तुला बोल लावला असता."