सुटलेले सहा रोजे

शेवगाव,
२७ जून १९९५

प्रिय भारती,

तुझी राहात्याच्या दवाखान्यात बदली झाल्यापासून मनातलं बोलायला इथं कुणी उरलं नाही. माझी नाझमीन सात महिन्यांची झाली. लई हडकुळी आहे गं. वरचं दूध पाजलं की ओकते, अंगावरच्या दुधावरच तगली आहे. आणि मला पुन्हा दिवस गेलेत. पाजणाऱ्या बाईची पाळी पुढेमागे होतेच, म्हणून कळलंही उशिरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त सहावर आलंय, दूध आटेल, हे मूल ठेवू नका.

प्रत्येकाचं सांगणं वेगळं. सासूबाई म्हणतात, पोटात राहिलं तेव्हापासूनच हराम. आमच्या मशिदीतले हाफिजजी चाळीस दिवसांच्या पुढे नाही म्हणतात. नगरचे मौलाना म्हणाले, अंगावरच्या लेकराचं दूध आटणार असेल तर एकशेवीस दिवसांच्या आत चालतं. पुढे पोटातल्यात रूह, म्हणजे आत्मा येतो, मग आईच्या जिवावर बेतलं तरच. तिघंही मनापासून सांगतात, रागवायचं तरी कुणावर?

मौलानांकडे गेले ते आमचे मालक, दस्तगीर. मौलानांनी दिवस विचारले. यांना एवढंच ठाऊक, की रमजानचे माझे शेवटचे सहा रोजे सुटले होते आणि डॉक्टरीणबाई तिथूनच मोजतात. यांनीही तिथूनच मोजून सांगितले. एकशेवीस परवाच भरले. मौलाना नाही म्हणाले आणि घरातला विषय संपला.

अगं, पण रोजे सुटले ते पाळी आली म्हणूनच ना? तेव्हा पोटात कोण असणार? हे तर ट्रक घेऊन गुजरातेत होते. ईदनंतर आठव्या दिवशी घरी आले. तिथून धरलं तर आज एकशेआठच होतात. सासूबाईंसमोर हे कोणत्या तोंडाने बोलू? यांना सांगितलं तर म्हणाले, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का. तेव्हापासून नुसती भाकरी थापते, लेकीला पाजते, बोटांवर दिवस मोजते. कधी वाटतं, माझंच मोजणं चुकू दे, म्हणजे ठरवायला नको. पोटातल्याचीही माया येते गं.

म्हणून लिहिते आहे. तू नर्स आहेस, तूच मोज. माझं बरोबर असेल तर बारा दिवस उरलेत. तू सांगितलंस तर हे पुन्हा मौलानांकडे जातील, तुझं ऐकतात. पण उत्तर पाठवू नकोस, पत्र आधी सासूबाईंच्या हाती पडतं. तूच ये. माझं चुकलेलं निघालं तरी ये. एकटीने रडून फार कंटाळले आहे.

तुझीच,
जैबून