पाळणाघराला शिस्त

४ जून, बुधवार
कहर झाला. दुपारी मुलं झोपलेली असताना ठमी पाळणाघराच्या फाटकातून निसटली आणि शेजारच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसली. चार वर्षांची पोर! शिंप्याने हाताला धरून परत नेली, तेव्हा कुठे पाळणाघराच्या ताईंना कळलं की ती गेली होती. कडी लावायची राहिली म्हणे. बायको रडली. मी रडलो नाही. घरात एकाने तरी डोकं ठिकाणावर ठेवायला हवं. ठमी मात्र खूश, मूठभर बटणं घेऊन आली.

५ जून
ताईंना जाऊन फैलावर घेतलं. त्या मान खाली घालून म्हणाल्या, चूक झाली. चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडण रंगत नाही.
बायकोचं म्हणणं, तिची रजा संपली आहे, दुसरं पाळणाघर लांब आहे, ताई फाटकाला कुलूप लावताहेत, तर एकदा विश्वास टाकून बघू. बायको भोळी आहे. म्हणूनच या घरात मी आहे.

६ जून
माझी योजना : गुप्त शब्द. जो शब्द सांगेल त्याच्याच हाती मूल द्यायचं. ताईंनी विचारलं, तुम्ही स्वतः आलात तरी? म्हटलं, मी आलो तरी. नियम म्हणजे नियम. शब्द मीच शोधला, फार अर्थपूर्ण आहे. इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागली तर?

९ जून, सोमवार
कुलपाची मी स्वतः पाहणी करेपर्यंत ठमी घरी. रजा टाकली. मूल कसं सांभाळतात ते एकदा दाखवूनच देतो. वेळापत्रक भिंतीवर लावलं : व्यायाम, चित्रकला, पाढे.
दुपारी : पाढे रद्द. चित्रकला वेळापत्रकावरच झाली. व्यायामात मी घोडा. कंबर धरली आहे.

१० जून
जरा डोळा लागला. तेवढ्यात ठमीने पावडरचा अख्खा डबा सोफ्यावर रिकामा केला. बायकोला सांगितलं, मुलांना मोकळीक द्यावी लागते. ती सोफा पुसत राहिली. म्हणजे पटलं असावं.
ठमी सारखी विचारते, ताईंकडे कधी जायचं? पोरीला माणसांची पारख नाही.

११ जून
कुरियरवाला आला. पाळणाघराच्या फाटकासाठी मी मागवलेली घंटा आली. फाटक उघडलं की कोकलते. सही केली आणि माहितीपत्रक वाचत बसलो. एक नंबर वस्तू आहे. मान वर केली तर आमचं दार सताड उघडं, आणि ठमी नाही.
जिना, गच्ची, रस्ता. इतका कधी घाबरलो नव्हतो. शिंपी मशीनवरून न उठताच म्हणाला, एकटीच येत होती, मघाशीच ताईंकडे पोचवली.
फाटकाला कुलूप. आत ताई, त्यांच्या कडेवर ठमी. मी हात पुढे केले. ताईंनी अगदी शांतपणे गुप्त शब्द विचारला.
आठवेना. म्हटलं, अहो, बाप आहे मी तिचा. म्हणाल्या, ओळखते ना, पण नियम तुमचाच आहे.
बायकोला तिच्या ऑफिसात फोन करावा लागला. आधी तिने विचारलं, ठमी तिथे कशी पोचली? मग शब्द मला न सांगता फोन ताईंकडे द्यायला सांगितला. ताई ऐकून हसल्या आणि कुलूप काढलं. शब्द होता ‘डोळ्यांत तेल’.

संध्याकाळी
उद्यापासून ठमी पाळणाघरात. तिला आणायला जाणाऱ्यांच्या यादीत बायकोने शिंप्याचंही नाव दिलं आहे. माझ्याबद्दल नंतर बघू म्हणाली. एकंदरीत माझी पद्धत चोख आहे हे सिद्ध झालं.
घंटा बायकोने आमच्याच दाराला लावली.