पाठीवरचा डाग आणि शिंप्याचं दार

डाव्या हातात भिंग, उजव्या हातात तपकिरी पेन्सिल आणि गुडघ्यावर वही घेऊन मी यांच्या पाठीमागे स्टुलावर बसले होते, आणि हे उघड्या पाठीने समोरच्या भिंतीला बजावत होते की, कड नीट बघ, सगळं कडेतच असतं. मी कड काढली. हे वळले, चष्मा कपाळावर चढवून वही पाहिली आणि म्हणाले, हा बटाटा आहे.

वन्सं, नमस्कार मागून करते आहे, रागावू नका. तुमच्या भावाचा बटाटा सांगून झाल्याशिवाय मला तुमच्या तब्येतीची चौकशी सुचणार नाही. (गुडघे कसे आहेत? तेल चोळता ना? हे म्हणतात, तेलाने गुडघ्याला काही होत नाही, पण कातडी छान राहते. यांना गुडघ्यातही कातडीच दिसते.)

झालंय असं की, यांच्या डाव्या खांद्याखाली एक काळसर डाग आला आहे. अंघोळीनंतर टॉवेल देताना मला दिसला. सांगितलं, तर म्हणाले, शाई असेल. (पाठीने लिहितात की काय?) साबणाने घासून पाहिलं, गेला नाही. मग यांनी वही आणायला सांगितली.

यांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. चित्र काढल्याशिवाय निदान नाही. चाळीस वर्षं प्रत्येक रोग्याचा डाग यांनी रंगीत पेन्सिलींनी वहीत काढला. दर आठवड्याला पुन्हा काढायचा, दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची आणि बघायचं, वाढला की आटला. नावं यांच्या लक्षात राहत नाहीत, चेहरे तर नाहीच नाही. परवा बाजारात एका गृहस्थांनी हात जोडले, हे तसेच पुढे निघाले. गृहस्थ शहाणे होते, त्यांनी बाही कोपरापर्यंत सारली. तशी यांनी भर रस्त्यात मिठी मारली. लग्नाआधी मला पहिल्यांदा भेटले तेव्हा यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले होते आणि बराच वेळ सोडले नव्हते. माझ्या वडिलांना भरून आलं. मग हे म्हणाले, साबण बदला.

हे या गावात आले तेव्हा कातडीचा वेगळा डॉक्टर असतो हेच कुणाला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना त्याच्याकडे जाताना कुणाला दिसायचं नव्हतं, कारण अंगावर चट्टा उठला म्हणजे घराण्याची अब्रू गेली. पाटी लावून दोन महिने हे माशा मारत बसले. मग खालच्या शिंप्याशी बोलून त्याच्या दुकानाच्या मागून वर जिना काढला. लोक काखेत कापडाचं गाठोडं मारून शिंप्याकडे यायचे आणि पडद्याआडून वर चढायचे. नुसतंच परत जाणं बरं दिसत नाही, म्हणून जाताना माप देऊन जायचे. खाजेपायी निम्मं गाव नीटनेटकं दिसू लागलं. (एका कारकुनाचा नायटा हटेना, त्याचे सात कोट झाले.) दवाखान्याच्या अकराव्या वर्षी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका रस्त्यावरच्या दाराने, गळ्यावरचा चट्टा न झाकता, दिवसाढवळ्या वर आल्या. त्या दिवशी हे लवकर घरी आले, दोनदा चहा प्यायले. पुढे मागचा जिना ओस पडला. शिंपी तेवढा नाराज झाला.

अशा माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. आधी दोन आरसे लावून यांनी स्वतःच काढून पाहिलं. मान अवघडली आणि चित्रात डाग उजव्या खांद्यावर गेला. मग माझी नेमणूक झाली. पहिल्या आठवड्यात बटाटा. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, हा नकाशा आहे, यात बंदर कुठे आहे? तिसरं चित्र मात्र बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, आटतोय. आणि शर्ट चढवला.

मी म्हटलं, तुमच्या विद्यार्थिनीला दाखवा. गावात यांच्याखेरीज कातडीतलं कळणारी तीच एक, यांचा जुना दवाखानाही आता तीच चालवते. पण तिने दवाखान्यात कॅमेरा आणला त्या दिवसापासून दोघांत बोलणं नाही. (यांचं म्हणणं, फोटो काढणारा डागाकडे बघत नाही, बटणाकडे बघतो. ती म्हणाली, सर, तुमचं चित्र होईपर्यंत रोगी बरा होतो. एवढं तिने बोलायला नको होतं.) जन्मभर लोकांना 'उद्या नको, आजच दाखवा' असं दटावणारा माणूस आता मला म्हणतो, बघू पुढच्या महिन्यात. कुणी रोगी असं म्हणाला की हेच घरी येऊन सांगायचे, भ्यालाय बिचारा.

बाकी सारं ठीक. माझी तब्येत बरी आहे. मागे ठेवलेला नमस्कार आता पोचता करते.

तुमची भावजय

ता. क. खरं काम राहिलंच. हे जगात एकट्या तुम्हाला भितात. 'मुकाट्याने तुझ्या विद्यार्थिनीकडे जा' एवढंच लिहून पाठवा. खाली सही ठसठशीत करा.

आणखी एक, हे मात्र तुमच्यापाशीच ठेवा. माझा हात वाटतो तितका वाईट नाही. तिसरं चित्र मी मुद्दाम लहान काढलं. वही मागताना यांचा चेहरा मला पाहवला नाही. डाग आटलेला नाही, वाढला आहे. लहानपणी तुमच्या मानेवर पांढरा डाग उठला आणि मुली तुमच्याशेजारी बसेनाशा झाल्या, तेव्हा आठ वर्षांचे हे दर रविवारी तो डाग वहीत काढून तुम्हाला दाखवायचे, 'ताई, आटतोय बघ', आणि दर रविवारी थोडा लहान काढायचे, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. तेव्हा मलाच तेवढं बोलू नका. ही तुमच्याच घरची पद्धत आहे.

सकाळी. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून एवढं जोडते. उठले तर वही टेबलावर उघडी होती. तिसऱ्या चित्राखाली यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'कड खोटी आहे. ताईला मीही अशीच काढून दाखवायचो.' साडेनऊला हे काखेत कापडाचं गाठोडं घेऊन निघाले. गाठोड्यातून वहीचा कोपरा दिसत होता. कुठे निघालात म्हणून विचारलं, तर म्हणाले, शिंप्याकडे.

शिंपी जाऊन बारा वर्षं झाली.