पाठीवरचा भाऊ

आई, सकाळपासून मी घरभर नुसती फिरते आहे, एका जागी बसवत नाही. माझी सून बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. मी सकाळीच नगरच्या सावेडीतल्या दवाखान्यात डबा द्यायला गेले आणि भलतंच ऐकून आले. तुझ्याशिवाय हे सांगायचं तरी कुणाला?

दुष्काळाच्या साली तुला मुलगा झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. पारनेरजवळच्या आपल्या घरात थोरल्या आत्यानं मला पाटावर बसवलं, पोलकं वर करून पाठीला हळदकुंकू लावलं, हातावर गूळ ठेवला. पाठीवर भाऊ आणणारी पोर म्हणून केवढं कौतुक. कुंकू पुसेल म्हणून मी दिवसभर भिंतीला टेकत नाही. आत्या बाळाला हळद कालवलेलं तेल चोळते आहे आणि तू त्या अंधाऱ्या खोलीतून पुन्हा पुन्हा सांगते आहेस, की पोराचे डोळेसुद्धा पिवळे दिसतात. ती म्हणते, हळदीचा रंग आहे, बाळंतिणीनं सारखं बघू नये. दुसऱ्या दिवशी बाळ दूध ओढेना, तेव्हा कुठे दादा तुम्हा दोघांना एसटीनं नगरला घेऊन गेले. तू परत आलीस ती रिकाम्या हातांनी.

आईचं आणि बाळाचं रक्त जुळलं नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत्याला ते पटलं नाही. तिच्या लेखी माझी पाठच वाईट, आणि जाता-येता ती ते मला ऐकवायची. एरवी तू तिच्यापुढे तोंड उघडत नसायचीस. एकदा मात्र भाकरी थापता थापता थांबलीस.

"वन्सं, खोट माझ्या रगतात हाय. माझ्या पोरीच्या पाठीला नावं ठिवायची न्हाईत."

त्यानंतर सगळे तुलाच नासक्या रक्ताची म्हणू लागले. तू ते खुशाल ऐकून घेतलंस, आणखी बाळाचं नावही काढलं नाहीस.

आज सुनेला एक इंजेक्शन दिलं. तिचं रक्तही तुझ्यासारखंच, निगेटिव्ह. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, पहिल्याच खेपेला कशाला? त्या म्हणाल्या, पहिलं मूल बहुतेक सुखरूप असतं. पण जन्मताना त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, आईचं शरीर त्या रक्ताशी वैर धरतं, आणि ते पुढच्या बाळाला भोवतं. इंजेक्शन दिलं की वैर धरलंच जात नाही. दोष कुणाचाच नसतो, असंही म्हणाल्या. पण म्हणजे ते वैर माझ्या रक्तानं जागं केलं, आणि मी सुटले. आत्याचा मला अजून राग येतो, आणि आज तो धड येतही नाही.

तू असतीस तर हे मी तुला सांगितलंच नसतं. तू "येडी का काय" म्हणून मला जवळ घेतलं असतंस, ते मला ठाऊक आहे. पण त्याआधी क्षणभर तू माझ्याकडे बघितलं असतंस, आणि त्या बघण्याची मला भीती वाटते.